५८ कॉपी म्हणजे किती, आणि ते ४ टक्के गेले कुठे?

ताळेबंद

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. माझं काम हिशेब तपासणीचं, त्यामुळे आकडा जुळला नाही की तो डोक्यातून जात नाही. सध्या असे दोन आकडे छळतायत.

चौदा महिन्यांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तेव्हा नवरा एचआयव्ही पॉझिटिव्ह असल्याचं कळलं. कुठून, कधी, यावर आमचं बोलून झालंय, ते इथे नको. मी निगेटिव्ह आहे. तेव्हापासून चार वेळा तपासणी केली, चारही वेळा निगेटिव्ह. त्याची गोळी निदानानंतर पाचव्या दिवशी सुरू झाली: टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन, डोलुटेग्राविर, तिन्ही एकाच गोळीत, रोज रात्री एक. एकही गोळी चुकलेली नाही. हे मी त्याच्या शब्दावर नाही, डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजून सांगतेय.

व्हायरल लोड, म्हणजे एक मिलिलिटरमागे विषाणूच्या किती कॉपी, असे: सुरुवातीला १,८४,०००. तिसऱ्या महिन्यात ४६. सहाव्या महिन्यात 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. बाराव्या महिन्यात ५८.

पहिला प्रश्न ५८ चा. आम्ही ज्यांच्याकडे जातो ते डॉक्टर "काही नाही" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. दुसऱ्या एका डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "कंडोम जन्मभर, मुलाचा विचार सोडा." दोघांपैकी कुणीही का ते सांगितलं नाही.

दुसरा प्रश्न ९६ टक्क्यांचा. सगळीकडे वाचते की उपचारांमुळे जोडीदाराला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी कमी होतो. त्याच लेखात चार ओळी खाली असतं की व्हायरल लोड दबलेला असेल तर धोका शून्य. मग ९६ की १००? मधले ४ टक्के कुठे गेले? माझ्या कामात असा फरक दिसला की मी सही करत नाही.

आम्हाला मूल हवं आहे. आणि ५८ आल्यापासून नवरा उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला गेलाय. मी सांगितलं नव्हतं. स्वतःच गेला.

समुपदेशक_निवृत्त

तुला 'तू' म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. बरीच वर्षं मी अशाच जोडप्यांशी बोलण्याचं काम केलं. आधी ९६ चं बघू, कारण तो आकडा नेमका कुठून आला हे कळलं की तुझी अर्धी शंका जाईल.

अभ्यासाचं नाव एचपीटीएन ०५२. नऊ देश: बोट्सवाना, ब्राझील, भारत, केनिया, मलावी, दक्षिण आफ्रिका, थायलंड, अमेरिका, झिम्बाब्वे. एकूण १,७६३ जोडपी, प्रत्येकात एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन जवळजवळ सारखे गट पाडले. एका गटातल्या पॉझिटिव्ह जोडीदाराला लगेच उपचार, दुसऱ्या गटात सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) २५० पर्यंत उतरल्यावर किंवा एड्सशी संबंधित आजार दिसल्यावर. तेव्हा थांबणं हीच रीत होती, त्यामुळे कुणावर मुद्दाम अन्याय केला असं नाही.

मे २०११ मध्ये मधली मोजणी जाहीर झाली. निगेटिव्ह जोडीदारांपैकी ३९ जणांना लागण झाली होती. मग त्यांच्या विषाणूचा जनुकक्रम जोडीदाराच्या विषाणूशी ताडून पाहिला. २८ जणांना तो घरातूनच मिळाला होता. त्यातले २७ उशिरा उपचाराच्या गटातले, १ लगेच उपचाराच्या गटातला.

आता तूच भागाकार कर. १ भागिले २७. तुझे ४ टक्के म्हणजे ही एक व्यक्ती.

आणि त्या एकाचं काय झालं? जनुकक्रमावरून काढलेल्या अंदाजानुसार ती लागण गोळी सुरू होण्याच्या सुमाराची होती, म्हणजे विषाणू दबण्याच्या आधीची. ९६ हा आकडा 'गोळी सुरू केली' इथपासून मोजलेला आहे, 'विषाणू दबला' इथपासून नाही. दोन वेगळ्या तारखा आहेत त्या.

पूर्ण निकाल २०१६ मध्ये आले. घरातून झालेल्या लागणी ४६. ४३ उशिराच्या गटात, ३ लगेचच्या गटात. घट ९३ टक्के. यातल्या आठ लागणी पॉझिटिव्ह जोडीदाराचा उपचार सुरू झाल्यानंतर आढळल्या होत्या. चौघांच्या बाबतीत विषाणू अजून दबलेला नव्हता, आणि चौघांच्या बाबतीत उपचार निकामी होऊन तो पुन्हा वर आला होता. स्थिरपणे दबलेला असताना घरातून एकही लागण नाही.

एक गोष्ट सांगते, जी मला अजून टोचते. २००८ मध्ये स्वित्झर्लंडच्या तज्ज्ञांनी जाहीर केलं होतं की गोळ्या नियमित असतील, सहा महिने विषाणू दबलेला असेल आणि दुसरा कुठला लैंगिक आजार नसेल तर त्या व्यक्तीकडून लागण होत नाही. तेव्हा यावर खूप वाद झाला. मी गप्प राहिले, ते एक वेळ ठीक, कारण पुरावा पक्का व्हायचा होता. पण २०११ नंतरही दोन वर्षं मी कचरत होते. एका बाईने विचारलं होतं, "मग आम्ही मूल कधी होऊ द्यायचं?" मी विषय बदलला. ती पुन्हा आली नाही.

प्रयोगशाळेतून

ताई, ५८ बद्दल मी सांगतो. व्हायरल लोडची यंत्रं चालवणं हेच माझं रोजचं काम.

५८ म्हणजे एक मिलिलिटर प्लाझ्मामध्ये (रक्ताच्या द्रव भागात) विषाणूच्या आरएनएच्या, म्हणजे त्याच्या जनुकीय साखळीच्या, अंदाजे ५८ प्रती. अंदाजे हा शब्द महत्त्वाचा. इतक्या खालच्या पातळीवर त्याच रक्ताचे दोन भाग करून चालवले तर एकदा ३० आणि एकदा ८० येऊ शकतं. म्हणून आम्ही हे आकडे वजाबाकीने वाचत नाही, पटीने वाचतो. १,८४,००० वरून ५८ म्हणजे तीन हजार पटींहून जास्त घट. ४६ आणि ५८ मध्ये माझ्या दृष्टीने काहीही फरक नाही. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' म्हणजे त्या नमुन्यात यंत्राला काहीच सापडलं नाही. शरीरात विषाणू नाही असा त्याचा अर्थ होत नाही. तो काही पेशींमध्ये झोपून असतो आणि मधूनमधून थोडे कण रक्तात सुटतात. औषध चालू असलं की ते कण पुढे वाढू शकत नाहीत.

असा एखादा लहानसा उंचवटा येऊन पुन्हा खाली जातो, त्याला आमच्याकडे 'ब्लिप' म्हणतात. नमुना हाताळण्यातही चूक होते: जेल असलेल्या नळीत प्लाझ्मा बाजूला न काढता तसाच गोठवला तर आकडा खोटा वाढतो.

आता धोका. तुम्ही वाचलेलं 'शून्य' ज्या 'पार्टनर' नावाच्या अभ्यासातून आलं, त्यात 'दबलेला' याची मर्यादा २०० ठेवली होती. ५० नव्हे. तुमचे ५८ त्या शून्याच्या आतच आहेत. एचपीटीएन ०५२ मध्ये तर ती ४०० होती.

त्याच्याही वरचं सांगतो. २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये एक आढावा आला: आठ अभ्यास, २५ देश, ७,७६२ जोडपी, एकूण ३२३ लागणी. त्यातल्या फक्त दोन अशा की पॉझिटिव्ह जोडीदाराचा शेवटचा व्हायरल लोड १,००० च्या खाली होता. आणि त्या दोन्हींत ती तपासणी आणि लागण यांच्यात किमान ५० दिवस गेले होते, म्हणजे मधल्या काळात आकडा कुठे होता ते कुणालाच माहीत नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की विषाणू सापडतच नसेल तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका शून्य, आणि सापडतोय पण १,००० किंवा कमी असेल तर जवळजवळ शून्य.

एवढं असूनही मी तुमच्या जागी असतो तर पुढच्या वार्षिक तपासणीची वाट पाहिली नसती. ५८ ची भीती म्हणून नाही. पुढचा आकडा ५८ च्या कुठल्या बाजूला जातो, ते कळायला हवं. डॉक्टरांना सांगून काही आठवड्यांनी पुन्हा करा.

ताळेबंद

दोघांचेही मनापासून आभार. १ भागिले २७ मी कागदावर तीन वेळा केलं. ३.७ टक्के. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा एक ओळ जुळली.

मग काल रात्री पार्टनरचे आकडे घेऊन बसले. पहिला टप्पा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला: युरोपातले १४ देश, ८८८ जोडपी हिशेबात धरलेली, त्यातली ५४८ स्त्री-पुरुष. कंडोमशिवाय सुमारे ५८,००० वेळा संबंध. घरातून लागण शून्य. दुसरा टप्पा २०१९: ७८२ समलिंगी पुरुष जोडपी, सुमारे ७६,००० वेळा, पुन्हा शून्य. काही ठिकाणी लोक या दोन्हींची बेरीज करून १,३४,००० लिहितात. ती चूक आहे. दुसऱ्या टप्प्यात पहिल्या टप्प्यातली पुरुष जोडपी धरलेलीच आहेत, त्यांचे बावीसेक हजार दोनदा मोजले जातात. खरी बेरीज १,१२,००० च्या आसपास येते.

ही चूक सापडल्यावर उलट माझा विश्वास वाढला. आकडे इतके उघड मांडलेत की माझ्यासारखीलाही ती पकडता आली.

मला सगळ्यात पटलं ते वेगळंच. पहिल्या टप्प्यात ११ निगेटिव्ह जोडीदार पॉझिटिव्ह झाले. ते लपवलेले नाहीत. प्रत्येकाचा विषाणू तपासला, एकाचाही जोडीदाराशी जुळला नाही. अकरापैकी आठ जणांनी बाहेर कंडोमशिवाय संबंध झाल्याचं स्वतःच सांगितलं होतं. दुसऱ्या टप्प्यात असे १५, तेही सगळे बाहेरचे. लागण होऊ शकत होती, ती टिपायची सोय होती, आणि तरीही घरातून आलेली एकही सापडली नाही. कुणालाच काही झालं नाही असं लिहिलं असतं तर मला संशय आला असता.

पण शून्य मोजलं म्हणजे शून्य आहेच असं होत नाही, हेही मला कळतं. त्यांनीही ते मान्य केलंय. दुसऱ्या टप्प्यात १,५९३ जोडपे-वर्षांत (एक जोडपं वर्षभर पाहिलं की एक) शून्य, म्हणून वरची मर्यादा दर वर्षी १०० जोडप्यांमागे ०.२३. म्हणजे धोका असलाच तर फार फार तर इतका. जोडपी वाढतील तसा तो आकडा आणखी खाली येईल, पण गणित त्याला पूर्ण शून्य कधीच म्हणू देणार नाही. मला ते चालेल. वरची मर्यादा लिहून दिली की मी सही करते.

फार्मसीवाली

सगळं वाचलं. एक साधी चौकशी: तुमचे मिस्टर त्या गोळीबरोबर दुसरं काही घेतात का? कॅल्शियम, लोह, झिंक, मल्टिव्हिटॅमिन, ॲसिडिटीचं पातळ औषध?

विचारण्याचं कारण असं की डोलुटेग्राविर या धातूंना पोटातच चिकटतं आणि रक्तात कमी पोचतं. डबीतल्या गोळ्या बरोबर भरतात, पण रक्तातलं औषध भरत नाही. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचं ॲसिडिटीचं औषध असेल तर डोलुटेग्राविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. कॅल्शियम आणि लोहाला एक सूट आहे: पोटभर जेवणाबरोबर दोन्ही एकत्र चालतात, उपाशीपोटी नाही.

टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोलुटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं. तुमचा तो प्रश्न नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा असू शकतो.

ताळेबंद

हे वाचून मी उठून कपाट उघडलं.

तीन महिन्यांपूर्वी त्याचं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून कॅल्शियम चालू आहे. झोपताना, रिकाम्या पोटी, त्याच गोळीबरोबर, एकाच घोटात. विसरायला नको म्हणून ही जोडी मीच लावून दिली होती. गोळ्या मोजत बसले आणि शेजारच्या डबीकडे पाहिलं नाही.

फार्मसीवाली

स्वतःला बोल लावू नका. कॅल्शियम लिहून देणाऱ्याने विचारायला हवं होतं आणि देणाऱ्यानेही. ५८ त्यामुळेच आलं असं मी म्हणणार नाही, कॅल्शियम नसतानाही ब्लिप येतो. पण आजपासून कॅल्शियम दुसऱ्या वेळी, आणि डॉक्टरांना हे नक्की सांगा.

जुनी_गोळी

ताई, मी २००१ पासून औषधांवर आहे. बाहेरच्या खोलीत झोपणारा तुमचा नवरा मला चांगला कळतो, म्हणून लिहितोय.

आमच्या वेळी गोळ्या मूठभर होत्या आणि त्रास भयंकर. २००४ मध्ये माझा सीडी४ छान वर आला, तेव्हा मला सांगितलं की थोडी सुट्टी घ्या, खाली आला की पुन्हा सुरू करू. मला आनंद झाला होता. त्याच कल्पनेची परीक्षा स्मार्ट नावाच्या अभ्यासात चालू होती, ५,४७२ लोकांवर. जानेवारी २००६ मध्ये त्यात नवीन माणसं घेणं थांबवलं, कारण सुट्टी घेणाऱ्यांमध्ये गंभीर आजार किंवा मृत्यू अडीच पटींहून जास्त निघाले. नुसते एचआयव्हीचे आजार नव्हे, हृदय, मूत्रपिंड, यकृत यांचेही. मला फोन आला, उद्यापासून गोळ्या सुरू. त्यानंतर एक दिवस सोडलेला नाही.

पुढे २०१५ मध्ये स्टार्ट अभ्यास आला. ४,६८५ माणसं, सीडी४ ५०० च्या वर, म्हणजे तब्येतीने ठणठणीत. लगेच उपचार घेणाऱ्यांत ४२ जणांना मोठा आजार किंवा मृत्यू, थांबलेल्यांत ९६ जणांना. तेव्हापासून 'थोडं थांबू' हे संपलं. तुमच्या नवऱ्याला पाचव्या दिवशी गोळी मिळाली ती त्या सगळ्यांमुळे. त्या गोळीने तुमचं रक्षण होतं ते खरंच, पण आधी ती त्याचं करते. त्याला हे सांगा. आम्ही पॉझिटिव्ह माणसं स्वतःकडे नुसती धोका म्हणून बघायला लागतो. मी अकरा वर्षं बघितलं.

ताळेबंद

दादा, तुमचं उत्तर त्याला वाचायला दिलं. मग त्याने सगळंच वरपासून वाचलं. त्याचे दोन प्रश्न आहेत, मी टाइप करतेय.

एक, एचपीटीएनमधल्या ज्या चौघांचा उपचार निकामी झाला, तसं आपलं झालं तर कळणार कसं? आणि एखादी गोळी विसरलो तर त्या रात्री धोका असतो का?

माझा प्रश्न: मूल हवं असेल तर मी स्वतः प्रेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणून निगेटिव्ह माणसाने घ्यायचं औषध, घ्यावं का?

प्रयोगशाळेतून

निकामी होणं एका रात्रीत होत नाही. औषध पूर्ण बंद केलं तर बहुतेकांत विषाणू दोन ते चार आठवड्यांत पुन्हा दिसायला लागतो. एक गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्यायची. पुढच्या गोळीला चार तासांपेक्षा कमी उरले असतील तर राहिलेली सोडून द्यायची, दोन एकदम नाहीत. कळण्याचा मार्ग एकच, व्हायरल लोड. म्हणून तर पुन्हा करा म्हणालो.

समुपदेशक_निवृत्त

प्रेपचं. केनिया आणि युगांडात तुमच्यासारख्याच ४,७०० हून अधिक जोडप्यांमध्ये निगेटिव्ह जोडीदाराला रोजची गोळी दिली होती. दोन औषधांच्या गोळीने लागण ७५ टक्क्यांनी कमी झाली आणि ज्यांच्या रक्तात औषध सापडलं त्यांच्यात ९० टक्क्यांनी. पण त्या अभ्यासातले पॉझिटिव्ह जोडीदार सुरुवातीला उपचारांवर नव्हते, हे लक्षात घे. फेम-प्रेप नावाच्या दुसऱ्या अभ्यासात बायकांना काहीच फायदा दिसला नाही, कारण निम्म्याहून कमी जणींच्या रक्तात औषध होतं. २०२४ मध्ये तर सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनच्या चाचणीत २,१३४ मुली-बायकांमध्ये एकही लागण झाली नाही. मी काम सोडलं तेव्हा असं काही दृष्टीतही नव्हतं. बातमी वाचून रडले होते.

तुझ्यासाठी माझं मत: त्याचा विषाणू दबलेला असेल तर प्रेपने तुझ्या धोक्यात मोजण्याइतकी भर किंवा घट होणार नाही. पण पुढचा रिपोर्ट येईपर्यंतच्या काळासाठी किंवा तुझ्या मनाला टेकू म्हणून हवं असेल तर ते मागायचा तुला पूर्ण हक्क आहे. त्यात भित्रेपणा नाही. डॉक्टर आधी तुझं मूत्रपिंड आणि हिपॅटायटिस बी तपासतील. मुलाचं म्हणशील तर, बाळाला एचआयव्ही बापाकडून थेट जात नाही, आईला असेल तरच आईकडून जातो. तू निगेटिव्ह राहिलीस की बाळही सुरक्षित. दुसऱ्या लैंगिक आजारांची तपासणी मात्र दोघांनी एकदा करून घ्या, त्यांच्यावर ही गोळी चालत नाही.

ताळेबंद

डॉक्टरांकडे जाऊन आलो. या वेळी कागदावर प्रश्न लिहून नेले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावायच्या आधी वाचून दाखवले. कॅल्शियमचं ऐकून त्यांनी वेळ बदलून दिली, दुपारच्या जेवणाबरोबर. चार आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड. प्रेप मी नको म्हटलं, नवऱ्याने घे म्हटलं, शेवटी ठरलं की रिपोर्ट आल्यावर ठरवू.

रक्त परवा दिलं. रिपोर्ट यायचा आहे. उशी काल रात्रीच परत आली.